दुखत नाय

मामा माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत. कुणी समोर येऊन उभं राहिलं की त्यांची नजर आधी जमिनीवर जायची, तिथं जरा रेंगाळायची आणि मग सावकाश वर यायची. तोपर्यंत समोरचा माणूस आपल्या चपलेला काही लागलंय की काय म्हणून पाय उचलून बघायला लागलेला असायचा.

पहिल्या भेटीत मीही उचलून बघितला होता. सकाळचे सहा वाजले असतील. बीड बायपासच्या पलीकडे, देवळाईच्या बाजूला नव्या वसाहतींचं जे पेव फुटलं होतं, त्यातल्या एका अर्धवट इमारतीसमोर मी पळता पळता थांबलो होतो. म्हणजे बुटाची नाडी बांधायचं नाटक करत होतो. फाटकाजवळ एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. काखेत काठी, सगळा भार तिच्यावर, एका पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला टेकवलेला.

"डावी टाच कामून उचलून धरता?" त्यांनी विचारलं.

"नाही तर," मी म्हणालो.

"मला नगा सांगू. धुळीला इचारा."

त्यांनी काठीनं दाखवलं. आदल्या दिवशीचे माझे ठसे रस्त्यावर तसेच होते. उजवा बूट अख्खा उमटला होता, डाव्याचा नुसता पुढचा अर्धा भाग. दोन महिने जी गोष्ट मी बायकोपासून, कॉलेजातल्या सहकाऱ्यांपासून आणि आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपपासून लपवली होती, ती तिथं भर रस्त्यात छापून पडली होती.

मी एका ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. राहतो पुंडलिकनगरात. चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्ताचा रिपोर्ट आला, साखर काठावर होती. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आणि मी पळायला लागलो. हा आमच्या घराण्याचा दोष आहे. आजोबा भिक्षुकी करायचे. त्यांना सत्यनारायणाला बोलावलं तर ते वर ग्रहशांतीही सुचवून यायचे. मी महागाचे बूट घेतले, मनगटाला घड्याळ बांधलं, पंधरा दिवसांत पाच किलोमीटर आणि महिनाभरात आठ पळालो. मग एका सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेतून अशी कळ गेली की मी मटकन खाली बसलो. दहावीस पावलं टाकली की कळ ओसरायची, त्यामुळे मी पुन्हा पळायला मोकळा. दुसऱ्या दिवशी पलंगाखाली तीच कळ माझी वाट बघत असायची.

मामांनी ठसा वाचून दाखवल्यावर शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टाचेवर अंगठा दाबला, मी ओरडलो, आणि ते प्रसन्नपणे म्हणाले, "प्लांटर फॅसिआयटिस. तळपायाचा पट्टा सुजलाय. नवीन पळणाऱ्यांना हमखास होतं." महिनाभर पळायचं नाही, पोटऱ्या ताणायच्या, आणि बाटलीत पाण्याचा बर्फ करून तिच्यावर तळपाय फिरवायचा. पहिल्या दोन गोष्टींकडे मी दुर्लक्ष केलं. तिसरीवरून घरात भांडण झालं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठवड्याकाठी पाणी यायचं, तेही आलं तर. बायको म्हणाली, "लोकांना प्यायला नाही आणि तुम्ही पाण्यावर पाय फिरवणार?" मी सबंध उन्हाळा ती एकच बाटली वापरली. तिनं त्यावर कागद चिकटवून लिहिलं होतं, 'पायाचं पाणी'.

मामांना मी रोगाचं नाव सांगितलं. नाव सांगितलं म्हणजे फळ्यावर आकृती काढायचीच काय ती बाकी ठेवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातलं आपल्याला लागेल तेवढं ठेवून घेतलं.

"म्हंजी फाशी."

"फाशी नाही मामा. फॅसिआ."

"त्येच. टाचेला फाशी बसली."

तेव्हापासून आमच्या दुखण्याचं नाव फाशी पडलं. मी दिसलो की लांबूनच हाक यायची, "काय गुरुजी, फाशी कशी हाय?" बाजूनं जाणारे लोक वळून बघायचे. मला गुरुजी म्हणण्याचं कारण मी मास्तर होतो की आजोबांची भिक्षुकी मी कधी त्यांच्याजवळ बोललो होतो, हे मला कळलं नाही. बाकी सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्यांचं खरं नाव मला आठनऊ महिन्यांनी, दवाखान्यात त्यांच्या कॉटला लावलेल्या कागदावरून कळलं. ते इथं लिहीत नाही. त्या नावानं मी त्यांना कधी हाक मारली नव्हती.

ते धनगर. गंगापूरच्या बाजूच्या एका गावचे. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. ओळीनं दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, चारा राहिला नाही, कळप विकला आणि जावयाच्या ओळखीनं इथं वॉचमन झाले. इमारत तीन मजले चढून थांबली होती. बांधकामाला पाणी नव्हतं. फाटकावरच्या बोर्डावर मात्र निळाशार पोहण्याचा तलाव होता आणि त्यात एक बाई हसत उभी होती. मामांना त्या बाईची काळजी वाटायची. "येवड्या पान्यात ही एकलीच कामून उभी ऱ्हाती?" असं ते मला विचारायचे. मग हात फिरवून आजूबाजूचा सगळा परिसर दाखवायचे. "ह्याच वावरात मेंढरं बसवली हुती मी. खताला. मालकानं पायलीभर ज्वारी दिली हुती. आता बिल्डिंगी बसल्यात."

कंत्राटदारानं त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली होती. तिच्यावर ते पाण्याचा माठ ठेवायचे आणि स्वतः एका पायावर उभे राहायचे. दोन्ही पायांवर उभं राहणं त्यांना उधळपट्टी वाटायची. एक पाय कामावर असला की दुसऱ्याला सुट्टी, असा हिशेब होता. मी एकदा गुरुत्वमध्य आणि आधाराचं क्षेत्रफळ वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पाय बदलला.

साइटवरचा सुपरवायझर त्यांच्यावर खार खाऊन होता. तो रोज येऊन जातो असं मालकाला सांगायचा. एक दिवस मालक स्वतः आला तेव्हा मामांनी जमिनीकडे बघत सांगून टाकलं, "ह्यांचा पाय मंगळवारपासून हितं पडल्याला नाय." बिचाऱ्यांना त्यात चुगली केली असं वाटलंच नाही. विचारलं, म्हणून वाचून दाखवलं.

माझ्या टाचेवर त्यांचे दोन इलाज होते. एक विटेचा. बांधकामाच्या विटांचा तिथं ढीग होताच. चुलीवर वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं अंथरायची आणि टाच टेकवून शेक घ्यायचा. रुई मात्र दुष्काळातही हिरवीगार होती. मी विटेवर टाच ठेवून उभा आणि ते शेजारी एका पायावर उभे, असे आम्ही कितीतरी सकाळी उभे राहिलो. आमच्या ग्रुपमधला एकजण एकदा गाडीवरून जाताना हे दृश्य बघून गेला आणि मग आठवडाभर ग्रुपवर माझी टिंगल चालली.

दुसरा इलाज विचित्र होता. सकाळी उठल्या उठल्या पाय भुईला लावायचा नाही. आधी पायाला विचारायचं.

"काय विचारायचं?"

"चलतोस का रं? म्हनून इचारायचं. मानूस जागा झाला म्हंजी पाय जागा झाला आसं नसतंय."

ते स्वतः रोज विचारायचे. गोधडीवर बसून एकेक पाय हातात घ्यायचा, अंगठा मागं ओढायचा, तळवा अंगठ्यानं चोळायचा आणि मेंढराला बोलावं तसं त्याच्याशी बोलायचं. मी हसलो. पण घरी करून बघितलं. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून मनातल्या मनात विचारायचो. पंधरा दिवसांत ती पहिली कळ निम्म्यावर आली. डॉक्टरांनी दिलेला कागद नंतर कधीतरी नीट वाचला, तर त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हातानं मागे ओढून तळवा ताणावा. पायाला विचारावं एवढंच त्यात नव्हतं.

मी कण्हलो की ते म्हणायचे, "दुखतंय ना? मग चांगलं हाय. म्हंजी पाय हाय." आणि मेंढरांचं सांगायचे. लंगडणाऱ्या मेंढीची ते फिकीर करत नसत. लंगडणारी मेंढी अचानक नीट चालायला लागली तर मात्र तिला आडवी पाडून खूर उघडून बघायचे. हे मी किमान दहा वेळा ऐकलं असेल. ऐकताना घड्याळात बघत असेन.

पावसाळा त्या वर्षीही नुसता गरजून गेला. गणपतीपर्यंत मी पुन्हा पळायला लागलो होतो, या वेळी शहाण्यासारखा, थोडं थोडं. हिवाळ्यात शहरात दहा किलोमीटरची स्पर्धा होती, तिच्यात नाव घातलं. आणि त्याच सुमारास मामा एकदा म्हणाले, "गुरुजी, आमाला बी फाशी लागली वाटतं."

त्यांच्या टाचा रात्री जळायच्या. तळव्याला मुंग्या यायच्या. "कापसावरून चालल्यागत लागतंय बगा. भुई कळंना."

आता यातलं माझ्या दुखण्यासारखं काय होतं? काहीही नव्हतं. माझी टाच सकाळी दुखायची, त्यांची रात्री जळत होती. मला जमीन जास्त कळत होती, त्यांना कळेनाशी झाली होती. पण मला त्या रोगाचं नाव येत होतं, पाचसात लेख वाचले होते, आणि ज्याला एकच नाव येतं तो सगळ्यांना तेच देत सुटतो. मी म्हणालो, "हो मामा, तेच आहे. तुमच्या त्या टायरच्या चपलांनी झालंय. त्यांना आधार नाही, मऊपणा नाही." दुसऱ्या दिवशी मी माझे पहिले बूट त्यांना आणून दिले. मी नवे घेतले होते, ते घरात पडून होते.

साखरेच्या भीतीनं मी घरातून बाहेर पडलो होतो. दर तीन महिन्यांनी स्वतःचं रक्त तपासून घेत होतो. त्या माणसाचं तपासावं हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. ते दिवसातून कितीदा माठाकडे वळतात हे बघत होतो आणि दुष्काळात तहान जास्त लागते असं समजत होतो.

बूट त्यांना एक नंबर लहान होते. मी विचारलं, "घट्ट होतात का?" त्यांनी पाय आपटून बघितला. "नाय. लई मऊ हायेत. घातलेत का नाय तेच कळंना." मला फार बरं वाटलं. ते बूट त्यांनी अंगावरच्या दागिन्यासारखे सांभाळले. टँकरचं पाणी पाय धुवायला वापरणं त्यांना पटत नव्हतं आणि बूट धुळीत ठेवणंही पटत नव्हतं, तेव्हा ते काढायचेच नाहीत. झोपताना काढता का, हे मी कधी विचारलं नाही. आणि बूट काढले नाहीत म्हणजे सकाळी पायाला विचारणंही बंद झालं असणार. हे मला आता सुचतंय.

रोज जाताना मी ओरडून विचारायचो, "मामा, दुखतंय का?"

"नाय! बिलकुल दुखत नाय!"

मी अंगठा वर करायचो आणि पुढं जायचो. ग्रुपवर मी त्यांचा बुटांसकट फोटो टाकला. पासष्ट वर्षांच्या धनगराची टाच योग्य बुटांनी बरी केली असं खाली लिहिलं. बऱ्याच जणांनी टाळ्या पाठवल्या. हे लिहिताना लाज वाटते.

स्पर्धेच्या आठवडाभर आधीची सकाळ. धुकं नव्हतं, थंडी होती, रस्त्यावर पीठ पसरल्यासारखी धूळ. मामा इमारतीच्या मागच्या बाजूला असावेत, फाटकाशी नव्हते. त्यांच्या बुटांचे ठसे फाटकापासून रस्त्यापर्यंत आलेले होते. आठनऊ महिन्यांत मलाही थोडं वाचता यायला लागलं होतं. उजवा ठसा कोरडा, नक्षी स्वच्छ. डावा टाचेजवळ काळपट, ओला. एक नाही, चारपाच ठसे तसेच.

मी थांबलो. टँकर गळला असेल असं मनात आलं. पण टँकर आदल्या दिवशी आलाच नव्हता, हे मला माहीत होतं. आमच्या कॉलनीतही आला नव्हता. त्या सगळ्या परिसरात जमिनीवर सांडायला थेंबभर पाणी नव्हतं आणि एका माणसाच्या टाचेखालची धूळ ओली होती. हे मी बघितलं. मनगटावरचं घड्याळ वाजलं, मी थांबल्याची त्यानं तक्रार केली. त्या दिवशी मला एका लयीत सात किलोमीटर पळायचे होते. येताना विचारू असं ठरवलं आणि येताना दुसऱ्या रस्त्यानं आलो, कारण तो दोनशे मीटर जवळ पडत होता.

पुढचे सहा दिवस मी पायांना विश्रांती दिली. स्पर्धा पळालो, मेडल मिळालं. सगळ्यांनाच मिळतं. सोमवारी ते मामांना दाखवायला घेऊन गेलो तर फाटकावर एक तरुण पोरगा खुर्चीवर बसला होता. माठ खाली जमिनीवर होता.

"मामा? ते दवाखान्यात हैत. पाय सडला त्यांचा."

सरकारी दवाखान्यात ते भिंतीकडच्या कॉटवर होते. मुलगी उशाशी होती. तिनं सगळं सांगितलं. बूट टाचेला घासून जखम झाली होती, ती आत आत गेली होती, साखर इतकी होती की डॉक्टरांनी दोनदा तपासली. किती वर्षांपासून होती कुणास ठाऊक. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. मी मेडल खिशात दाबून धरलं होतं. मामांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे नेहमीसारखं आधी खाली बघितलं.

"टाच टेकली की तुमची, गुरुजी. फाशी सुटली."

मग म्हणाले, "मला कळलंच नाय बगा. दुखलं आसतं तर कळलं आसतं." आणि मुलीकडे वळून, मला धीर द्यायला असावं, "आपल्याला काय, एका पायावर हुबं ऱ्हायची सवयच हाय."

मुलगी त्यांना गावी घेऊन गेली. मी फोन करीन म्हणालो आणि केला नाही. त्यांच्या साइटवरून पळायचं बंद केलं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, इमारत पूर्ण झाली, लोक राहायला आले. फाटकासमोर डांबर पडलं. आता तिथं कुणाचाच ठसा उमटत नाही.

जवळजवळ दोन वर्षांनी मी गंगापूरला जाऊन तिथून जीप धरली. मनाशी ठरवून गेलो होतो की तो ओला ठसा मी बघितला होता हे सांगायचं. माफी मागायची. एवढ्यासाठीच गेलो होतो.

ते घरासमोर लिंबाखाली उभे होते. काखेत काठी, एक पाय जमिनीवर. लांबून मला क्षणभर वाटलं, दुसरा गुडघ्याला टेकवलाय. मुलीनं चहा केला. त्यांचा बिनसाखरेचा होता, त्याबद्दल त्यांनी तिची माझ्याजवळ तक्रार केली. पावसाचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "आता लई दुखतो."

"कोणता?"

"नसल्याला. पहाटं. टाच ठणकती. हात खाली जातो इचारायला, तर तितं कोन नाय." आणि म्हणाले, "दुखतंय म्हंजी पाय हाय, आसं मी तुमाला सांगायचो. गल्लत हुती ती."

मी कप खाली ठेवला. "मामा, एक सांगायचंय. स्पर्धेच्या आधी एक दिवस मी तुमच्या फाटकाशी..."

"ठावं हाय."

त्यांनी काखेतली काठी नीट केली.

"थांबला हुतात तुमी. दोनी पाय जोडून, माज्या ठशापाशी. लई येळ. मंग पुढचं पाऊल लांब पडलं, पळत गेलात." ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या बुटांकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी मागून आलो तवा वाचलं ते. टाच वली दिसती हे मला बी दिसलं हुतं, गुरुजी. बूट काढून बघावा म्हनलं. मंग तुमचे ठसे बघितले आन मनात आलं, गुरुजींनी बघितलंय. येवडे शिकल्याले हैत. बघून काय बोलले नाय, म्हंजी काय नसंल."

आणि त्यांनी बूट काढला नव्हता.